हवा कुणाच्या नाकाची मोजायची

शारजात असताना मी बाल्कनीत एक स्टीलचं ताट ठेवायची. त्याला आतून खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. सकाळी ठेवायचं, संध्याकाळी उचलायचं, तेलावर चिकटलेली धूळ बोटाने निपटायची आणि ते बोट आमच्या ह्यांच्या नाकासमोर धरायचं. हे बिचारे नुकते ऑफिसातून आलेले, टायही सैल केलेला नसायचा. "बघा, हे तुमच्या लेकीच्या छातीत जातंय," मी म्हणायची. हे बोटाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि चहा टाकलायस का, असं विचारायचे.

हवा मोजायचं यंत्र जगात कुणी काढलं असेल तर ते आपणच, अशा थाटात ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, घरात वावरायची. आता मी नातवंडांची आजी झाले, तरी तिची आठवण आली की तिचा कान पिरगाळावासा वाटतो. थोडं कौतुकही वाटतं. तिला साऱ्या दुनियेचा संशय यायचा. स्वतःचा तेवढा कधी यायचा नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची इमारत सनैयाच्या कडेला होती. सनैया म्हणजे तिथली औद्योगिक वसाहत. गॅरेजं, वर्कशॉपं आणि गोदामं यांचं एक अख्खं गावच. हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होते, तेव्हा परवडेल तिथं घर घेतलेलं. मागच्या खिडकीतून खाली एक गॅरेज दिसायचं. ठोकलेल्या गाड्या तिथं यायच्या, त्यांची पुट्टी घासायची, मग रंगाचा फवारा. त्या खिडकीच्या आत आमच्या मुलीची खोली.

मुलगी दुसरीत होती. संध्याकाळ झाली की तिला खोकला सुरू व्हायचा, आणि एखाद्या दिवशी खोकता खोकता छातीतून बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी ज्या आईने ऐकली असेल तिला मी जास्त काही सांगायला नको. डॉक्टरांनी पंप दिला, धुळीची ॲलर्जी आहे म्हणाले, आणि जाता जाता, जमलं तर हवापालट करून बघा, एवढं बोलून गेले.

हवापालट हा शब्द शुक्रवारच्या, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशीच्या, फोनवरून साताऱ्याला पोचला. सासूबाईंनी तो झेलला, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांचं सगळं ठरलेलंही होतं. मार्चची परीक्षा झाली की नातीला साताऱ्याला आणायची, तिथल्याच शाळेत घालायची. त्यांच्या घराची हवा म्हणजे औषधच, असं त्यांचं म्हणणं. हे फोन ठेवून म्हणाले, आई म्हणते त्यात खोटं काय आहे? पोर माझ्यापासून जाणार होती. ती जाऊ नये असं वाटत असेल, तर हवेतला गुन्हेगार मला पकडून दाखवायचा होता. गॅरेजवर आरोप सिद्ध झाला की घर बदलायचं ह्यांनी कबूल केलं होतं. नहदाला, सनैयापासून लांब, तेव्हा नव्या इमारती उठत होत्या.

मग मी तपासाला लागले. ह्यांचे शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगले, चोरून सिगारेट ओढतात का म्हणून. इमारतीच्या नातूरला, म्हणजे रखवालदाराला, एसीच्या जाळ्या खरंच धुतोस की नुसत्या ओल्या करून आणतोस, असं रोज विचारलं. "धोया मॅडम, कसम से धोया," असं म्हणून तो जिन्याने पळायचा, लिफ्टचीही वाट बघायचा नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये एक सुदानी बाई राहायची. ती रोज संध्याकाळी बखूर जाळायची. बखूर म्हणजे सुगंधी लाकडाचे तुकडे, निखाऱ्यावर टाकतात. तो वास बोळातून आमच्या दाराखालून आत यायचा. मी तिच्याशी गोड हसायची, ती देईल ते खजूर घ्यायची आणि आत येऊन दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायची.

खिडक्यांच्या फटी मी खाकी टेपने बंद केल्या होत्या. आमचा फ्लॅट म्हणजे दादरा बांधलेली लोणच्याची बरणी झाला होता. वाऱ्याला आत यायची सोय नाही, आणि आत आहे त्याला बाहेर जायची. हे दुसरं वाक्य मला तेव्हा सुचलं नव्हतं.

आणि आतली हवा शुद्ध राहावी म्हणून मी दिवेलागणीला मुलीच्या खोलीत धुरी द्यायची. ओवा, वावडिंग, गुग्गुळ, आणखी कसकसल्या पाल्याची पूड, सगळं सासूबाई कुटून पाठवायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून ती पुडी हमखास यायची. आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत छातीच्या कुठल्याही तक्रारीला धुरी. शारजात शेगडी कुठली आणायची? मी खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, गोल कोळसे आणले आणि सोनेरी नक्षीचं मातीचं धुपाटणं आणलं. सुदानी बाईचं धुपाटणं त्याच दुकानातलं, कोळसेही तेच. पण तिच्याकडून यायचा तो धूर, आणि माझ्याकडे होती ती धुरी. मुलगी नाक दाबायची, डोळे मिटायची, "ममा, इट पोक्स," म्हणायची. मी म्हणायची, टोचतंय म्हणजे लागू पडतंय.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे एक भाऊजी राहायचे. नात्याने कुणी नव्हते, पण परदेशात वरच्या मजल्यावर मराठी माणूस असला की तो भाऊजी होतोच. कारखान्यांतून आणि वर्कशॉपांतून धूळ किती उडते हे मोजून रिपोर्ट देणाऱ्या एका कंपनीत ते होते. मला त्यांचाही संशय होता. ज्या कारखान्याची धूळ मोजायची, बिलही तोच देणार. मग आकडा कुणाच्या बाजूने पडेल हे सांगायला शिक्षण लागत नाही. हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं होतं. ते हसून म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही आमच्या ऑफिसात इन्स्पेक्टर म्हणून या. यल्ला, चला, उद्यापासून." पण माझ्या ताटाची गोष्ट ऐकून त्यांनी एका गुरुवारी साहेबांची परवानगी काढली आणि एक यंत्र घरी आणलं. किती किमतीचं आहे ते त्यांनी दिरहॅममध्ये सांगितलं. ह्यांनी सवयीने मोठ्यांदा त्याचे रुपये केले, आणि आम्ही दोघं त्याच्यापासून एक पाऊल मागे सरकलो.

यंत्र म्हणजे एक पेटी. आत छोटा पंप, तो हवा ओढायचा. वर एक आखूड मान. समोर आकडा दिसायचा. भाऊजींनी समजावून सांगितलं की जाड कण त्या मानेतच पडून राहतात, बारीक तेवढे आत जातात आणि तेच मोजले जातात. मी म्हटलं, म्हणजे माझ्या ताटातली सगळी धूळ तुमचं यंत्र सोडून देणार? ते म्हणाले, "ताटात दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते. शिंकलात, खाकरलात की गेली. छातीच्या तळाशी जातात ते कण डोळ्यांना दिसतच नाहीत. तुमच्या ताटावर ते बसायलासुद्धा तयार नसतात, हवेतच तरंगतात."

जो दिसत नाही तोच चोर, असं सांगणारा माणूस मला कधीच पटलेला नाही. पण मी म्हटलं, बघू तर.

पहिल्यांदा त्यांनी यंत्र गच्चीवर ठेवलं. त्यांच्या कामाची पद्धतच तशी. मोकळी जागा हवी, आडोसा नको, जवळपास धुराडं नको. थोड्या वेळाने आकडा बघून म्हणाले, आजची हवा बरी आहे. मी पदर खोचून उभी होते.

"भाऊजी, माझी लेक गच्चीवर राहते का?"

ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. म्हणाले, वहिनी, प्रश्न बरोबर आहे. गच्चीवरचा आकडा शहराचा असतो. एवढे लोक राहतात, त्यांच्यासाठी कायदे करायचे, गाड्यांचा धूर कमी करायचा, तर तो आकडा लागतोच. पण एका मुलीच्या छातीत काय जातं ते त्याला कसं कळणार?

हल्ली माझा नातू मोबाइलवर शहराच्या हवेचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, आजी, टुडे इज ग्रीन. मी अजूनही विचारते, कुणाच्या नाकाशी ग्रीन? तो मला वेडी समजतो. समजू दे.

तर यंत्र खाली आलं. मुलीच्या पलंगाशेजारी, तिच्या उशीच्या उंचीवर, एका स्टुलावर बसलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते चालू राहणार होतं. भाऊजींनी बजावलं, रोज वागता तसंच वागा, यंत्रासाठी म्हणून वेगळं काही करू नका. ते वर गेल्याबरोबर मी सगळं घर दोनदा पुसून काढलं. परीक्षा आमच्या घराची नसून गॅरेजची होती, तरी पाहुणा आल्यावर बाई जशी वागते तशीच मी वागले.

मग मी यंत्राचीच परीक्षा घेतली. दारातलं पायपुसणं आणलं आणि त्याच्या तोंडासमोर दणकून झटकलं. ढगच उठला. मला दोन शिंका आल्या. आकडा जरासा हलला आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. मी ह्यांना हाक मारली. "खलास. मशीन बिघडलेलं दिलंय तुमच्या मित्राने." हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

दुपारी गॅरेजात घासकाम सुरू झालं तेव्हा आकडा हळूहळू चढला. टेप लावलेली असूनही चढला. मला एवढा आनंद झाला, की मी मुलीला शिरा करून खाऊ घातला. नहदाच्या नव्या फ्लॅटमध्ये पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, कोळसा फुलवला आणि धुपाटणं घेऊन मुलीच्या खोलीत गेले. पुडीतली चिमूट टाकली. ओव्याचा खमंग वास सुटला. आणि माझ्या डोळ्यांसमोर यंत्राचा आकडा लिफ्टसारखा वर जायला लागला. दुपारचा आकडा कुठल्या कुठे खाली राहिला.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते सुदानी बाईचं. जाळला तिने बखूर. मी तशीच धुपाटणं हातात घेऊन दार उघडलं. बोळात काही वास नव्हता. तिच्या दाराबाहेर एरवी चपलांचा ढीग असायचा, त्या दिवशी एकही चप्पल नव्हती. गुरुवारची संध्याकाळ, सगळं कुटुंब बाहेर गेलेलं. तेव्हा मी यंत्रावर आले. ह्यांना वर पिटाळलं, म्हटलं, बोलवा तुमच्या मित्राला, पेटी वेडी झालीय.

भाऊजी खाली आले. खोलीच्या दारातच थांबले. त्यांनी आधी आकडा बघितला, मग खोली बघितली, मग माझा हात.

"वहिनी, हे काय आहे?"

"औषध आहे. तिच्या खोकल्यावर."

"रोज देता?"

"रोज. न चुकता."

ते परत आकड्याकडे वळले. मला वाटलं, हा गॅरेजवाल्याला वाचवायची युक्ती शोधतोय. तेवढ्यात पलंगावरून मुलीला ठसका लागला. खोकून झाल्यावर तिने यंत्राकडे बोट केलं आणि भाऊजींना म्हणाली, "अंकल, इट नोज." म्हणजे त्याला कळतं. 

धुपाटणं मी न्हाणीघरात नेऊन पाण्याखाली धरलं. ते चर्र करून फुटलं. मला अजून काहीच पटलेलं नव्हतं, एवढं लक्षात घ्या. मी मनात म्हणत होते, ठीक आहे, उद्या बघते तुझ्याकडे. म्हणजे यंत्राकडे.

शुक्रवारी मी त्याला सापळे लावले. दुपारी मिरच्यांची फोडणी दिली, पंखा न लावता, आकडा चढला. खिडकीची टेप फाडून खिडकी उघडली, आकडा उतरला. ह्या शेवटच्या गोष्टीचा मला फार राग आला. बाहेरून वाळवंटाची धूळ येत होती, बोटाला लागत होती, आणि यंत्र म्हणत होतं, बरं झालं उघडलीस. मी एक उदबत्ती लावली, लांबच्या कोपऱ्यात, यंत्राकडे पाठ करून. त्याला तीही कळली. दिवेलागण झाली. नुसता तेलाचा दिवा लावला, धुरी दिली नाही. मुलगी पलंगावर चित्रं रंगवत बसली होती. आकडा खाली होता आणि मी तिच्या छातीकडे बघत होते. ती एक-दोनदा खोकली. शिट्टी वाजली नाही. एका संध्याकाळवरून मी काही मानणार नव्हते, पण टेप मात्र मी परत लावली नाही.

शनिवारी भाऊजींनी ऑफिसातून कागद छापून आणला. त्यावर एक सरासरी होती आणि खाली रेघांचं चित्र. ह्यांनी सरासरी वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, बघ, दिवसभराचा आकडा काही फार वाईट नाही, उगाच घर डोक्यावर घेतलंस. मी कागद ओढून घेतला.

"आमटीतलं सगळं मीठ एकाच वाटीत पडलं, तर सरासरीने आमटी चांगलीच असते," मी म्हटलं. "ती वाटी कुणापुढे आली ते दाखवा."

भाऊजींनी चित्रावर बोट ठेवलं. गुरुवारी दुपारी एक टेकडी होती, ती गॅरेजची. संध्याकाळी उभा सुळका होता, तो माझा. आणि खोकला सुळक्याच्या वेळचा. म्हणाले, सरासरी खोटी नसते वहिनी, वर्षानुवर्षं छातीत काय साठतं हे तिच्यावरूनच कळतं. पण दम्याच्या पोरासाठी तो एक तासही बघायला हवा. दोन्ही बघायचं. एकावर विसंबणारा फसतो. त्यांचं हे बोलणं मला आवडलं, कारण त्यात संशयाला जागा होती.

मग आम्ही मुलीचा पलंग पुढच्या खोलीत हलवला. स्वयंपाकघरातला पंखा फोडणीच्या आधीच सुरू व्हायला लागला. नहदाचं घर काही मिळालं नाही. ह्यांचं म्हणणं, टेकडीसाठी घर कोण बदलतं. फेब्रुवारी सरत आला तसा खोकला निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही, पंप लागायचा अधूनमधून. डॉक्टरांनी छाती तपासली आणि, काय बदल केलात, असं विचारलं. मी म्हटलं, हवापालट.

राहिल्या सासूबाई. शुक्रवारचा फोन मी घेतला. हे मुद्दाम खाली गाडी पुसायला गेले होते. मी सांगितलं, आई, ती धुरीची पुडी आता पाठवू नका. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नातीला मी आजारी पाडली, असं म्हणायचंय का तुला?"

मी म्हटलं, तसं नाही आई, पूड तुमची होती, निखारा माझा होता. पण पोर मी पाठवणार नाही. त्यांनी त्यांच्या हवेचं परत सुरू केलं. आणि त्या बोलत असताना मला त्यांच्या मागच्या अंगणातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आला. पहाटे पेटायचा. लाकडं, शेणी, ओला पालापाचोळा, जे असेल ते त्यात जायचं. धूर सरळ माजघरात यायचा. लग्नानंतरची पहिली सकाळ मी डोळे चोळत काढली होती, आणि सगळ्यांना वाटलं होतं सून माहेरच्या आठवणीने रडतेय.

"आई, तुमच्या बंबाजवळची हवा कुणी मोजलीय का?"

पलीकडून फक्त खरखर ऐकू आली. फोनकार्डातले पैसे संपतात की काय असं मला वाटलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मे महिन्यात तरी पाठवशील का?" आवाज त्यांचा नव्हताच. तो हुकूम नव्हता, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांनाही ती जवळ हवी होती, मला हवी होती तशीच. मी म्हटलं, मी घेऊन येते.

मे महिन्यात आम्ही साताऱ्याला गेलो. बंब अंगणात पालथा घातलेला होता आणि न्हाणीघरात विजेचा गिझर लागला होता. मुलगी आजीजवळ झोपली. पहाटे मला जाग आली तशी मी आधी तिचा श्वास ऐकला, साधा होता. सासूबाई अंथरुणात नव्हत्या. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, तिथून मागच्या पडवीत. कोनाडे बघितले, कोळशाचं पोतं कुठं दडवलंय का ते बघितलं, जुन्या चुलीच्या जागेवर हात ठेवून ती गरम आहे का ते बघितलं. गार होती.

मागून आवाज आला, "सापडलं का काही?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी. मी म्हटलं, मीठ शोधत होते. त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या तळव्याकडे बघितलं, दूध गॅसवर ठेवलं आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली.